बीपीची गोळी आणि अंगावरचं पुरळ


बीपीची गोळी सुरू झाली…
आणि अंगावर पुरळ उठलं?
गोळी मनानं बंद करू नका.
डॉक्टरांना दाखवा.

हायड्रोक्लोरोथायझाइड हे बीपीसाठी दिलं जाणारं, लघवी वाढवणारं औषध.
ते घेणाऱ्या काहींना ऊन सोसत नाही.
चेहरा, मान, हात लाल होतात… खाजतात.
अशांनी लांब बाह्यांचे कपडे घालावेत, छत्री वापरावी.

एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे.
क्वचित कुणाचे ओठ, जीभ, चेहरा सुजतो.
अनेक महिने गोळी घेतल्यावरही हे घडू शकतं.
श्वास अडू शकतो.
तेव्हा पुढची गोळी घेऊ नका.
१०८ ला फोन करा, लगेच रुग्णालय गाठा.

पुन्हा सांगते…
पुरळ आलं, तर डॉक्टरांना विचारा.
ओठ, जीभ सुजली, तर क्षणभरही थांबू नका.