बांधावरचे ट्युलिप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



काश्मीरच्या सहलीची हकीकत सांगावी, असा आपला आग्रह. ती सांगते, पण तीत माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, तीही सांगते.

श्रीनगरला दल सरोवराजवळची ट्युलिपची बाग आम्ही पाहिली. तेथे हॉलंडहून आणलेले कंद लावतात. हे फूल मुळी हॉलंडचेच, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी शहराबाहेर एका शेताच्या बांधावर वीत-दीड वीत उंचीची फुले दिसली. मिटलेली असताना बाहेरून तांबडी, कडांना पांढरी; ऊन चढताच उमलून पांढरीशुभ्र चांदणी, मध्ये जांभळा डाग. हे रानातले ट्युलिप! याचे शास्त्रीय नाव ट्युलिपा क्लुझियाना. लायडनच्या बागेत ट्युलिप वाढविणाऱ्या क्लुझियस या पंडिताचे नाव त्याला मिळाले. पण त्याचे माहेर इराण-अफगाणिस्तानपासून आपल्या पश्चिम हिमालयापर्यंतचे.

काश्मीरात घरांच्या मातीच्या छपरांवरही ट्युलिप लावीत. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत ते कौतुकाने नोंदवले आहे. पुढे छपरांवर पत्रे आले आणि ती शोभा ओसरली.

मला मोह आवरला नाही. काठीने माती उकरू लागले. कंद बराच खोल होता. शेतातली एक म्हातारी म्हणाली, "रहने दो बेटी." मी हसून कंद पिशवीत घातला. घरी येऊन कुंडीत लावला, रोज पाणी घातले. पाने सुकली, आषाढात कंद कुजला.

मागाहून वाचले, तेव्हा उमगले. या कंदाला हिवाळ्यातली थंडी मानवते. वसंतात फुलून गेला, की उन्हाळाभर त्याला कोरड्या जमिनीत निजायचे असते. त्या झोपेच्या दिवसांत मी त्याला पाणी पाजत होते, वर आपला पाऊस! माया केली खरी, पण त्याची गरज विचारली नाही.

भगिनींनो, पुढील सहल कासच्या पठारावर न्यावयाची आपण ठरवीत आहोत. तेथेही पुष्कळ फुले कंदांतूनच उगवतात. डोळे भरून पाहू, छायाचित्रे काढू. पण एकही कंद उपटायचा नाही, असे आज ठरवू या. त्या म्हातारीचे मी तेव्हा ऐकले नाही. आपण माझे ऐकाल, एवढीच विनंती.