कऱ्हा नदी : तिचा मार्ग आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे मूळ कऱ्हाकाठी असून पोटापाण्यासाठी ती आज पुण्या-मुंबईस स्थायिक झाली आहेत. जन्मभर मुलांना भूगोल शिकविलेल्या माझ्यासारख्याने या नदीविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. ती मी शिरसावंद्य मानतो. गंगा-यमुना मुखोद्गत असलेली मुले आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो असे विचारताच गप्प बसत, हा माझा नेहमीचा अनुभव होय.

कऱ्हेचा उगम पुरंदर तालुक्यात गराडे गावाजवळच्या डोंगरांत आहे. तेथून ती सासवडला येते. संगमेश्वराच्या देवळापाशी तिला चांबळी नदी मिळते. ज्ञानेश्वर महाराजांचे बंधू सोपानदेव यांची समाधी याच सासवडास आहे, आणि पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७२० साली येथेच देह ठेविला. पुढे जेजुरीच्या परिसरात नाझरे येथे धरण बांधून नदी अडविली आहे. त्या जलाशयास मल्हारसागर म्हणतात. सोमवती अमावास्येस खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हेवरच येते. त्यानंतर मोरगावचा मयूरेश्वर, मग नदीचे नावच धारण करणारे कऱ्हावागज, आणि पुढे कविवर्य मोरोपंतांची बारामती. शेवटी सोनगाव येथे कऱ्हा नीरेस मिळते. नीरा भीमेस, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा पूर्वसमुद्रास. गराड्याच्या शिवारात पडलेला थेंब असा थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातो.

आता एका मुद्द्याकडे आपले लक्ष वेधतो. नीरा भोरकडील सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ उगम पावते. तेथे पाऊस धो धो कोसळतो. कऱ्हा मात्र पूर्वेकडे गेलेल्या डोंगरफाट्यात जन्मते. पावसाचा बहुतेक भार पश्चिमेकडेच रिता झालेला असतो. म्हणून ही नदी जन्मतःच गरीब आहे. कऱ्हा या शब्दाचा अर्थ अरुंद तोंडाचे जलपात्र असा असून, ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला व त्यातून ही नदी वाहू लागली, अशी कथा आहे. कथा रचणाराने नदी नीट पाहिली असली पाहिजे. हिचे पाणी खरोखरच कमंडलूभर!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामतीकडील माळ हिरवे झाले. म्हणजे कऱ्हाकाठचा ऊस पोसला तो नीरेच्या पाण्याने! पुरंदरच्या वरच्या गावांस हे भाग्य नव्हते. आचार्य अत्रे यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले. त्या पाण्याचे मोल काय, हे तिकडच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही.

परंतु गरीब नदी ही मेलेली नदी नव्हे. वर्षाचे बरेच महिने पात्र कोरडे दिसते. मग कोणी त्यात गाळा-मातीची भर घालतो, कोणी केरकचरा टाकतो, कोणी वाळू उपसतो, तर कोणी काठ सोडून पात्राकडे भिंत सरकवितो. २०१९ च्या सप्टेंबरअखेर एका रात्रीत कऱ्हेला महापूर आला. बारामतीच्या नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. नदीने कोणाच्या घरावर चाल केली नव्हती. ती आपल्या जुन्या वाटेने निघाली होती.

तेव्हा माझी आपल्याला नम्र विनंती एवढीच. ज्यांची जमीन अद्याप गावी आहे, त्यांनी बांधबंदिस्ती करून शिवारात पडलेले पाणी शिवारातच मुरवावे. जी नदी डोंगराकडून फारसे आणीत नाही, तिला शेताशेतांतून झिरपणाऱ्या पाण्यावाचून दुसरा आधार नाही. ओढ्याच्या पात्रात इंचभरही पाऊल टाकू नये, आणि कोणी टाकीत असल्यास तो आपला सोयरा असला तरी त्यास बोलावे. शहरातील बंधूंनी सुटीत मुलांना कुलदैवताच्या दर्शनास न्यावेच. मात्र देवळाच्या पायरीवरून परत न फिरता नदीपर्यंत चालवावे, व तिचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे बोट दाखवून सांगावे. ज्याला आपली नदी ओळखता येते, त्याच्या हातून तिच्यात राडारोडा सहसा पडत नाही.