ध्वनी विरतो, नोंद उरते



१९७५ च्या आणीबाणीत आकाशवाणी सत्तेची वाणी झाली. त्या अनुभवाने स्वायत्ततेच्या मागणीला धार आली. १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला, तो १९९७ मध्ये अमलात आला.

२०११ च्या धोरणाने खासगी एफएम केंद्रांना मुभा दिली ती आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची. साहजिकच नभोवाणीवरील स्थानिक राजकीय वृत्ताचे दायित्व नाशिक आकाशवाणीसारख्या केंद्राकडे येते. परंतु थोडक्या मिनिटांत किती मावणार? शिवाय ध्वनी क्षणात विरतो. म्हणून केंद्राचे संकेतस्थळावर स्वतंत्र राजकीय वृत्तदालन हवे.

मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला. सभागृहच नव्हते, तर प्रश्न कोणी विचारायचे होते? २०२५ मध्ये तपोवनातील वृक्षतोडीचा वाद पेटला. सिंहस्थासाठी साधुग्राम हवे, झाडेही हवीत. अशा वेळी मूळ प्रस्ताव, खर्च, हरकती आणि दोन्ही बाजू तारखेसह एकत्र वाचावयास मिळाल्या, तर अफवांना थारा उरत नाही.

पथ्ये दोनच. चूक झाल्यास दुरुस्ती उघडपणे द्यावी. आणि सत्तेवर कोणीही असो, प्रश्न तोच विचारावा. तो सत्ता पाहून बदलू लागला, तर १९७५ चा धडा आपण विसरलो असे होईल.