जुन्या मोटारीचें एंजिन आणि तिचा धनी

दसऱ्याच्या सायंकाळीं कोल्हापुरांत दसरा चौकाच्या मैदानावर माणसांची दाटी होते. अंबाबाईची पालखी येते, शमीचें पूजन होतें, सोनें लुटलें जातें. परंतु त्या गर्दींत कांहीं डोळे असे असतात, कीं त्यांचें लक्ष सोन्यापेक्षां एका मोटारीकडे अधिक लागलेलें असतें. ती मोटार म्हणजे छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३० नंतरच्या दशकांत, ती जर्मनीहून आली. ती बनविणाऱ्या मंडळींनीं १९०९ सालीं झेपेलिन नांवाच्या आकाशनौकांसाठीं एंजिनें करण्यापासून आरंभ केला होता. मोटारी त्यांनीं १९२१ पासून पुढें सुमारें वीस वर्षेंच केल्या. तो जुना कारखाना, तीं माणसें, ते सुटे भाग, सारें मागें पडलें. गाडी मात्र चालते.

राजघराण्याच्या गाडीला राखणारे हात असतात. साध्या घरापुढें झांकण घालून उभ्या असलेल्या पद्मिनीला कोण आहे? कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्यें इटलीच्या फियाटवरून ती गाडी १९६४ पासून निघूं लागली, १९७४ सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि विसावें शतक संपतां संपतां ती बंद झाली. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ पर्यंत टिकली. या गाड्यांचें काम अंगवळणीं पडलेले मेस्त्री आतां थकले आहेत. नव्या पिढीचा कारागीर गाडीला संगणक जोडून दोष वाचतो. पद्मिनीला संगणक जोडावयाला जागाच नाहीं. तेव्हां धन्यानेंच हातीं पाना घेणें भाग आहे.

मात्र येथेंच धोका आहे. जुनीं एंजिनें झिजून मरतात, त्यापेक्षां अधिक उताविळीनें खोलल्यामुळें मरतात, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. समजा, थंडीच्या सकाळीं गाडी सुरू होत नाहीं. गृहस्थ बाही सरसावून प्रथम काय करतात? कार्बोरेटर उतरवितात. त्याचे बारीक जेट तारेनें कोरतात, त्यांचीं भोकें मोठीं होतात, आणि मूळ दोष जागच्या जागीं राहून दुसरा एक नवा दोष पदरीं पडतो.

एंजिनाच्या मागण्या तीनच आहेत: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकीं काय उणें आहे हें न खोलतांही पाहतां येतें. प्लग काढून त्याला पुन्हां त्याची तार जोडावी, त्याचें अंग एंजिनाच्या धातूला टेकवावें, आणि दुसऱ्याकडून स्टार्टर मारवावा. जवळ सांडलेलें पेट्रोल नसावें आणि तार उघड्या बोटांनीं धरूं नये. निळसर, टणक ठिणगी पडली तर वीज ठीक आहे. पिवळी आणि मलूल पडली, किंवा पडलीच नाहीं, तर कार्बोरेटरचा कांहीं अपराध नाहीं.

मग वळावें डेल्कोकडे. मेस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्या डबीचें टोपण काढलें, कीं आंत पॉइंटांची जोडी दिसते. एंजिन फिरतांना ती मिनिटाला हजारों वेळां उघडते आणि मिटते. मिटल्यावर कॉइलमध्यें वीज भरते, उघडतांच ती प्लगकडे धांवते. पॉइंट पूर्ण उघडले असतां त्यांतील फट बहुधा ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी लागते. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांत असतो. पॉइंटाची टांच झिजली कीं फट कमी होते, ठिणगी उशिरां पडूं लागते, गाडीची ओढ जाते आणि एंजिन तापतें. गृहस्थ मात्र म्हणतात, "गाडी म्हातारी झाली." वास्तविक फीलर गेजची एक पातळ पट्टी, एक पेचकस आणि पंधरा मिनिटें एवढ्यानें हें म्हातारपण जातें. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. तो जातो तेव्हां पॉइंटांना खाऊन जातो.

प्लग काढलेच आहेत, तर त्यांचीं तोंडें वाचावीं. तपकिरी रंग हें आरोग्याचें लक्षण. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, चोक अडकला असेल. तेलकट ओलें तोंड असेल तर रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्हवाटे तेल वर येत आहे. पांढुरकें, भाजल्यासारखें असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा एंजिन फार तापत आहे, आणि याची उपेक्षा करूं नये. प्लगच्या तारा काढण्यापूर्वीं त्यांवर खुणा कराव्या. चार नळकांड्यांच्या बहुतेक एंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो, १-२-३-४ असा नसतो. एवढ्या एका गोष्टीच्या विसरानें कितीक रविवार वायां जातात!

पाण्याची गोष्ट याहून गंभीर. कोल्हापुराहून रत्नागिरीकडे आंबा घाटांतून, कोंकणाकडे गगनबावड्याहून किंवा फोंड्याहून, जेथून म्हणावें तेथून परततांना चढच लागतो. घाट चढतांना जुन्या गाडीचा कांटा लाल रेघेकडे जातो आणि गृहस्थ "आतां माथा आलाच" म्हणून तशीच रेटतात. अनेक एंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचें हेड अ‍ॅल्युमिनियमचें असतें. दोन्ही तापतात, परंतु अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षां बरेंच अधिक प्रसरण पावतें. मर्यादेबाहेर तापलें कीं हेड वांकतें, मधलें गॅस्केट उडतें आणि पाणी तेलांत शिरतें. मग तेल भरावयाच्या टोपणाखालीं ताकासारखा फेंस दिसूं लागतो. तो दिसल्यावर गाडी एक मैलही चालवूं नये. तसल्या तेलावर बेअरिंगें टिकत नाहींत.

हें सारें एका फॅनबेल्टानें, एका रबरी नळीनें किंवा साठलेल्या गाळानें घडतें. म्हणून घाटाच्या आधीं, एंजिन थंड असतांना, पाणी पाहावें, बेल्ट दाबून पाहावा, नळ्या चिमटून पाहाव्या. तापलेल्या रेडिएटरचें टोपण कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांवरही उकळत नाहीं. टोपण सैल होतांच तें एकदम उसळून तोंडावर येतें. अर्धा तास सावलींत थांबणें हें भाजलेल्या चेहऱ्यापेक्षां स्वस्त. आणि माथ्यावर गाडी अकस्मात् बंद पडली, पण पाणी ठीक आहे, तर पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवून पाहावें. उष्णतेनें नळींत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढतां येत नाहीं. फडकें निवलें कीं गाडी चालूं लागते.

अलीकडे या जुन्या गाड्यांपुढें एक नवें संकट उभें आहे, आणि त्याचें मूळ कोल्हापूरच्या शेतांत आहे. उंसापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळतात. वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल २०२३ पासून विकूं लागले आणि २०२५ पर्यंत तें देशभर पसरलें. शेतकऱ्याला आणि साखर कारखान्याला त्याचा लाभ आहे, तो नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु पद्मिनी घडली तेव्हां तिच्या रबराला हें ठाऊक नव्हतें. इथेनॉलनें जुनें रबर फुगतें, मऊ होतें, पुढें चिरतें. तें हवेंतील ओलावा ओढतें. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशीं पाणी वेगळें होऊन पत्रा गंजतो. शिवाय इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यामुळें मिश्रण पातळ पडतें. नव्या गाडीचा संगणक तें सांवरून घेतो, जुन्या कार्बोरेटरला तें जमत नाहीं.

यांत सर्वांत भयंकर भाग नळीचा आहे. पेट्रोलची चिरलेली नळी तापलेल्या एक्झॉस्टजवळ ठिबकूं लागली तर गाडी आणि माणसें दोन्ही जातील. म्हणून इतर सर्व कामें राहिलीं तरी चालतील, पण पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचीं वॉशरें इथेनॉल सोसणाऱ्या जातीचीं बसवून घ्यावीं. जेट मोठा करावयाचा तर तो जाणत्याकडून बदलून घ्यावा, कोरूं नये.

घरीं करावयाच्या कामांची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेल बदलणें, प्लग-पॉइंट, टॅपेटची फट, बेल्ट, नळ्या, फिल्टर हीं धन्याचीं कामें. तेल बदलावयास गाडीखालीं जातांना केवळ जॅकवर विश्वास ठेवूं नये, खालीं भक्कम टेका द्यावा. बंद गॅरेजांत एंजिन चालवूं नये. त्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो. जुनें काळें तेल गटारांत ओतूं नये, तें रंकाळ्याला नाहीं तर पंचगंगेला जाऊन मिळतें; डब्यांत भरून तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावें.

परंतु नळकांडें बोअर करणें, क्रँक घांसणें, वांकलेलें हेड सपाट करणें हीं कामें उद्यमनगरची वाट धरतात. तेथें ओतीव कामाच्या आणि लेथच्या कामाच्या शाळाच भरलेल्या आहेत. शेतांतल्या पाण्याच्या एंजिनांची दुरुस्ती करतां करतां या गांवाचा हात बसला. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनीं चलच्चित्राचा कॅमेराही याच गांवांत स्वतः तयार केला होता. अशा ठिकाणीं काम देतांना धन्यानें आपल्या गाडीची वही बरोबर न्यावी: तेल केव्हां बदललें, किती किलोमीटरला किती तेल खाल्लें, पॉइंटाची फट किती ठेवली. चांगला मेस्त्री ती वही पाहून अर्धें निदान तेथेंच करतो. पंधरा वर्षें झालेल्या गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवावी लागते. त्या वेळींही ती वही उपयोगीं पडते.

आणि पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दसऱ्यासाठीं बाहेर काढावयाची असेल, तर घाई करूं नये. टाकींतलें जुनें पेट्रोल काढावें. प्लग काढून प्रत्येक नळकांड्यांत चमचाभर एंजिन ऑइल सोडावें, घटकाभर तें मुरूं द्यावें. कॉइलची तार सोडवून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावावे, तारा खुणेप्रमाणें जोडाव्या आणि गाडी सुरू करावी. पहिलीं दहा मिनिटें निळा धूर निघेल. त्यानें घाबरूं नये, तें आपणच घातलेलें तेल जळत असतें. तेवढ्या वेळांत हातांत विजेरी घेऊन वांकावें आणि पेट्रोलची प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा कोरडा आहे ना, हें बोट लावून पाहावें. कोरडा असेल तर ब्रेक पाहून रंकाळ्याला एक फेरी मारून यावें, आणि परत आल्यावर वहींत तारीख व किलोमीटर लिहून ठेवावे.