माहेरचा रिपोर्ट, सासरचा रिपोर्ट

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासणीचं काम करणाऱ्या बहिणी. आज आपण गरोदरपणातल्या एका तपासणीबद्दल बोलूया. तिचं नाव कूम्ब्स टेस्ट. रिपोर्टवर कधी कधी नुसतंच 'आयसीटी' असं लिहिलेलं असतं. ब्रिटनमधल्या रॉबिन कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तपासणी १९४५ साली जगापुढे मांडली.

ही तपासणी मुख्यतः ज्या बाईचा रक्तगट निगेटिव्ह आहे तिच्यासाठी महत्त्वाची. आपल्या देशात शंभर जणींमध्ये साधारण पाच जणी अशा निघतात. निगेटिव्ह असणं हा आजार नाही, दोष तर मुळीच नाही. तिच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाची एक खूण नसते, एवढंच. पण नवरा पॉझिटिव्ह असेल तर पोटातलं बाळही पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला जोरात मार लागला तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या रक्ताला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यांनाच डॉक्टर अँटीबॉडी म्हणतात.

पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला मात्र ही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला पोटातच रक्त कमी पडतं, अंगावर सूज येते, जन्मल्यावर जोराची कावीळ होते. कधी बाळ पोटातच दगावतं. 'हिची मुलं टिकत नाहीत' असं ज्या बायकांनी आयुष्यभर ऐकलं, त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत कारण हे होतं. बाईचं नशीब किंवा कुणाची नजर नव्हे.

आता रिपोर्टमधल्या आकड्याकडे येऊ. प्रतिपिंडं आहेत एवढं कळून भागत नाही, ती किती जोरदार आहेत तेही बघावं लागतं. त्यासाठी आम्ही काय करतो? ताकात पाणी घालतो तसंच. एक वाटी ताकात एक वाटी पाणी. त्यातलं एक वाटी घेऊन पुन्हा एक वाटी पाणी. असं करत गेलं की ताक पातळ होत जातं आणि एका टप्प्याला चव लागेनाशी होते. रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, आम्ही असाच दुप्पट-दुप्पट पातळ करत नेतो. २ पट, ४ पट, ८ पट, १६ पट, ३२ पट. ज्या शेवटच्या टप्प्यापर्यंत परिणाम दिसतो, तो आकडा म्हणजे टायटर. बऱ्याच रुग्णालयांत १६ किंवा ३२ हा आकडा धोक्याची रेषा मानतात. त्यापुढे गेलं की डॉक्टर बाळाची खास सोनोग्राफी करून त्याला रक्त कमी पडतंय का ते बघतात.

पण मैत्रिणींनो, सगळ्या प्रयोगशाळांचं माप सारखं नसतं. पूर्वी एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीएवढी भरत नसे, तसंच हे. काही ठिकाणी तपासणी काचेच्या नळीत करतात, काही ठिकाणी जेल कार्डवर. तेच रक्त जेल कार्डवर बहुतेकदा एक-दोन टप्पे जास्त दाखवतं. नमुना उबेत किती वेळ ठेवला, पेशी नीट धुतल्या का, तपासणीसाठी कोणत्या पेशी वापरल्या, बघणाऱ्याची नजर कशी, यानेही आकडा हलतो. एकाच प्रयोगशाळेतसुद्धा एका टप्प्याचा फरक चुकीच्या मर्यादेतलाच धरतात.

आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. म्हणजे नेमकं सातव्या महिन्यात प्रयोगशाळा बदलते. समजा, सासरी नळीत तपासलं तेव्हा ८ आलं आणि माहेरी जेल कार्डवर ३२. घरचे घाबरून जातील. पण प्रतिपिंडं खरंच वाढली की माप बदललं, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. याच्या उलट झालं तर जास्त वाईट. सासरी जेलवर ३२ आणि माहेरी नळीत ८. सगळे म्हणतील, 'बरं झालं, उतरलं.' पण उतरलेलं काहीच नसेल, आणि तिकडे पोटात बाळाचं रक्त कमी होत असेल.

यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी एकाच मापाने मोजणं. आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि देशभर किलो-लिटर आलं. रक्ताच्या तपासणीतही ते काम चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डी-विरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण नमुने ठरवून दिले आहेत. त्यांच्याशी आपली तपासणी ताडून बघता येते. चांगली प्रयोगशाळा ठरलेल्या ताकदीचा नमुना रुग्णाच्या नमुन्यासोबत लावते. बाहेरून आलेला नमुना तपासून आपलं उत्तर इतरांशी जुळतं का तेही बघते. आईचा मागचा नमुना गोठवून ठेवते आणि नव्यासोबत पुन्हा तपासते. प्रयोगशाळांची पारख करणाऱ्या 'एनएबीएल' या संस्थेची मान्यता असेल, तर ती रिपोर्टवर छापलेली असते.

हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं? एक, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रक्तगट तपासून घ्या. निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही तपासा. दोन, कूम्ब्स टेस्ट शक्यतो प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी करा. तीन, जागा बदलावीच लागली तर जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या आणि विचारा, 'ताई, ही तपासणी नळीत केली की जेलवर? रिपोर्टवर लिहून द्याल का?' असं विचारण्यात लाजायचं कारण नाही. चार, अँटी-डी इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सांगा, कारण त्यानंतर काही आठवडे तपासणी हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते.

या इंजेक्शनबद्दल नीट ऐका. प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून ते देतात. एक साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला, केला, तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारायचंच. प्रतिपिंडं एकदा तयार झाल्यावर मात्र या इंजेक्शनचा उपयोग होत नाही. म्हणून ७२ तास विसरू नका.

पुढच्या बचतगटाच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या आणि गल्लीतल्या गरोदर बायकांचे रक्तगट आशाताईंसोबत बसून बघा. कुणी निगेटिव्ह असेल तर तिच्या माता-बाल कार्डावर पहिल्याच पानावर ते मोठ्या अक्षरात लिहा. तपासणीची तारीख, जागा, पद्धत आणि आकडा त्याखाली. ती माहेरी निघाली की कपड्यांच्या पिशवीत ते कार्ड आधी ठेवा.

पुढच्या भागात नवजात बाळाच्या कावीळीबद्दल बोलू. नमस्कार.