ठेका कुणाच्या मागे चालतो?

(कर्जत-खालापुरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांसमोर केलेलं भाषण)



मी गोदीत माल उतरवणारा माणूस. मॅट्रिक पास. कविता लिहितो. संगीताच्या शाळेची पायरी चढलेलो नाही. तरी लॅपटॉपवरच्या संगीतावर बोलणार आहे, कारण आता स्टेजवर तो आपल्या मांडीला मांडी लावून बसलाय. चौदा एप्रिल असो, हळद असो, शाहीर गातो आणि बाजूला लॅपटॉप उघडा असतो. जुने लोक म्हणतात, हे गाणं नव्हे, ही फसवणूक. नवी पोरं म्हणतात, ढोलकी गेली तेल लावत. माझं दोघांशीही भांडण आहे.

आधी विजेचं बोलू, कारण विजेशिवाय लॅपटॉप म्हणजे पाटी. तुमच्या खोपोलीत टाटांचं वीजघर 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 साली. घाटावर पाणी अडवलं, पाईपातून खाली सोडलं आणि वीज नेली मुंबईच्या गिरण्यांना. पाणी इथल्या डोंगरावरून पडलं, चाकं फिरली परळ-लालबागला. डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या चिमणीच्या उजेडात बसल्या. यात यंत्राचा काय दोष? तार कुणाच्या घरात जाणार हे कुणी ठरवलं, ते विचारा. लॅपटॉपलाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

हे यंत्र करतं काय? एबलटन लाईव्ह नावाचं सॉफ्टवेअर बर्लिनमध्ये तयार झालं, 2001 साली बाजारात आलं. नावातच लाईव्ह. पडद्यावर चौकोन असतात, चौकोनात आवाजाचे तुकडे. एका बटणाखाली ढोलकीचा ठेका, दुसऱ्याखाली बास, तिसऱ्याखाली कोरसची आरोळी. कुठला तुकडा केव्हा सोडायचा, किती वेळ फिरवायचा, हे वाजवणारा तिथल्या तिथं ठरवतो. वन्समोअर आला, शाहीर दोन कडव्यांच्या मध्ये चार शब्द बोलायला लागला, तरी ठेका फिरत राहतो. ही खरी सोय आहे. पण जो सगळं गाणं गळ्यासकट घरून भरून आणतो आणि माईकपुढं नुसते ओठ हलवतो, तो वाजवत नाही. तो कॅसेट लावतो. कॅसेट लावायला कुणाची ना नाही. तिला जलसा म्हणू नका.

आता धोके. पहिला धोका मापाचा. क्वांटाइझ नावाची एक सोय असते. हाताची थाप जरा मागंपुढं पडली की यंत्र तिला ओढून चौकटीच्या रेषेवर बसवतं. पण आपला ढोलकीवाला थाप मुद्दाम उशिरा टाकतो! शाहीर शब्दावर रेंगाळतो, मग एकदम सुटतो. 1930 नंतर भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले, पुढं वामनदादा कर्डकांनी (1922–2004) हजारो गाणी लिहिली आणि गायली. त्या गाण्यांना मिनिटाला 120 ठोके असं दावं कुणी बांधलं नव्हतं. सगळ्या थापा एका रेषेत उभ्या करणं म्हणजे गाण्याची कवायत.

याला इलाज आहे. क्वांटाइझ बंद करता येतं. बोटानं टॅप करून लय बदलता येते. आणि 2021 च्या अकराव्या आवृत्तीपासून बाहेरच्या वाद्याची लय ऐकून यंत्र आपली लय बदलू शकतं. म्हणजे ढोलकीला माईक लावा आणि यंत्राला तिच्या मागे चालायला लावा. बफरही सांभाळा. सेकंदाला 44,100 नमुने या हिशेबानं 512 चा बफर म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर, 128 चा म्हणजे तीनच्या आसपास. फार लहान केला तर प्रोसेसर दमतो, आवाज तडकतो. हे तालमीत बघून घ्यायचं, स्टेजवर नाही.

दुसरा धोका पोटाचा. गोदीत पूर्वी पोतं-पेटी माणसाच्या पाठीवरून उतरायची, एकेका जहाजावर टोळ्या लागायच्या. मग कंटेनर आला. 1989 साली याच रायगडात न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. क्रेन एका उचलीत अख्खी पेटी उतरवते. पाठ वाचली, पोट मारलं गेलं. आवाजाचा तुकडा हाही कंटेनरच आहे. आत कुणाची मेहनत भरलीय, वरून दिसत नाही.

कातकरी बाईचं गाणं, ठाकराचा ढोल मोबाईलवर भरून घ्यायचा, कापून लूप करायचा, सीझनभर सुपाऱ्या वाजवायच्या, आणि तिला काय? एक कप चहा. ही वेठबिगारी आहे! आपल्या बापजाद्यांनी गावकीचं वाजवणं सोडलं ते अपमानाचं, फुकटचं राबणं नको म्हणून. तेच जू आपण दुसऱ्याच्या मानेवर ठेवायचं? कॉपीराइट कायद्यातसुद्धा कलावंताचा हक्क आहे, 2012 च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का झाला. कायदा नसता तरी हिशेब चुकवू नये. ज्याची थाप, त्याचं नाव माईकवरून घ्या आणि बिदागीत त्याचा वाटा काढा.

पैशाचं म्हणाल, तर एबलटनची सगळ्यात मोठी आवृत्ती सातशे डॉलरच्या वर जाते. हमालाच्या पोरानं ते कुठून आणायचे? चोरीच्या कॉपीत व्हायरस, आणि ती ऐन कार्यक्रमात मान टाकते. मिक्स्क, एलएमएमएस, सोनिक पाय ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि उघडीही आहेत, आतला कोड कुणीही वाचावा. सोनिक पायमध्ये तर ओळी लिहून गाणं वाजवतात. गाणं चालू असताना ओळ बदलून पुन्हा चालवली की गाणं बदलतं. कवींनो, ऐकताय ना?

एक गोष्ट मात्र कुठल्याच लायब्ररीत मिळणार नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. झोपलेली माणसं गाडली गेली. तो आवाज कुणी विकत देणार नाही. ते गाणं तुम्हालाच लिहायचंय, तुमच्याच गळ्यानं गायचंय. मागं ठेका यंत्राचा असला तरी चालेल.

म्हणून सांगतो, लॅपटॉप फेकू नका आणि पुजूही नका. त्याला ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताला बसवा. तुकडे आपल्या वस्तीतले भरा, ज्याचे त्याला दाम द्या. आणि घाटातल्या तारेसारखी ही तारही दुसऱ्यांच्या घरात जाऊ देऊ नका.

जय भीम.