बी.एस्सी.ची वर्षे आणि आरोग्यसेवेची वाट

(अंबाजोगाई येथे बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तेव्हा पेशीविभाजन समजावून सांगण्याची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. मात्र पत्रकाराला घरोघरी जावे लागते आणि निकालाच्या दिवशी घरांत काय घडते, ते पाहावे लागते. आज जे बोलणार आहे ते त्या पाहण्यातून.

आपल्या जिल्ह्यात बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाला कोणी विचारले की पुढे काय, तर उत्तर ठरलेले असते : डॉक्टर. आकडे मात्र निराळे बोलतात. २०२५ च्या ‘नीट’ परीक्षेला देशभरातून बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, त्यांतील बारा लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले. आणि एमबीबीएसच्या जागा, सरकारी व खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांमधील जेमतेम एकाला जागा. उरलेल्या नऊ जणांचे काय, हा प्रश्न कोणत्याही शिकवणीच्या जाहिरातीत छापलेला नसतो. ते नऊ जण पुन्हा लातूरला खोली घेतात, पुन्हा परीक्षा देतात. एक वर्ष, दोन वर्षे, कधी तीन. वडील शेताचा तुकडा गहाण टाकतात. पूर्वी मराठवाड्यासाठी सत्तर-तीसचे सूत्र होते, तेही सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने रद्द केले. आता स्पर्धा साऱ्या महाराष्ट्राशी आहे. आणि शेवटी, सगळे मार्ग संपल्यावर, मुलगा खालमानेने बी.एस्सी.ला नाव घालतो. वर्गात बसतो तो हरल्याच्या भावनेने. अशा मनःस्थितीत घेतलेली पदवी कागदाचीच राहते, यात नवल ते काय?

माझे म्हणणे असे की जीवशास्त्राची पदवी ही उरलेल्यांची धर्मशाळा नव्हे. थोडा इतिहास पाहा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यावर लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे वैद्य नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. लुई पाश्चर रसायनशास्त्रज्ञ. आपल्या कमला सोहोनी यांचे उदाहरण तर प्रत्येक मुलीने वाचावे असे आहे. त्या १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी पत्करून प्रवेश मिळवला, काम करून दाखवले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन मायदेशी परतल्या. परदेशात राहण्याचा मोह धरला नाही. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. स्वतः डॉक्टर नसलेल्या बाईंनी भावी डॉक्टरांना शिकवले! पुढे डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी जे संशोधन केले, ते कुपोषित मुलांच्या ताटापर्यंत पोहोचणारे होते.

आता व्यवहाराकडे वळू. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून आपण ऐकतो की तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग वैद्यकीय शिक्षण. तिकडे ते खरे आहे. आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण बारावीनंतरच सुरू होते आणि बी.एस्सी. ही त्याची पहिली पायरी नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. पदवीनंतरही ‘नीट’ देता येते, २०२२ मध्ये वयाची कमाल अटही काढून टाकण्यात आली. परंतु परीक्षा तीच आणि गुणही बारावीच्या अभ्यासक्रमावरच. तसेच बी.एस्सी. झाल्यावर नर्सिंगच्या किंवा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला थेट बसता येत नाही. ज्याला परिचारिका व्हायचे आहे, ज्याला फिजिओथेरपिस्ट व्हायचे आहे, त्याने बारावीनंतरच त्या अभ्यासक्रमाला जावे. तीन वर्षे घालवून पुन्हा पहिल्या पायरीवर येण्यात शहाणपण नाही.

मग बी.एस्सी.तून आरोग्यक्षेत्रात जाणाऱ्या वाटा कोणत्या? रोगनिदान प्रयोगशाळा, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, लसनिर्मिती, औषधांच्या चाचण्यांचे काम, आहारशास्त्र, साथरोगांचा अभ्यास, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शेवटच्या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र वा जैवतंत्रज्ञान या विषयांचा पदवीधर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठीही पात्र ठरतो. भेसळीचे दूध पकडणारा माणूस आरोग्यसेवक नव्हे काय?

विषय निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रसायनशास्त्र सोडू नये. प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र सोपे म्हणून घ्यायचे आणि रसायनशास्त्राला पहिल्याच संधीला रामराम ठोकायचा, ही आपल्याकडची रीत आहे. पुढच्या बहुतेक वाटा जीवरसायनशास्त्राच्या दारातून जातात. ते दार रसायनशास्त्राविना उघडत नाही. दुसरे, संख्याशास्त्र. साथ पसरते आहे की ओसरते आहे, हे आकडा सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि खुले ऐच्छिक विषय घेण्याची मोकळीक दिली आहे. तिचा उपयोग संख्याशास्त्र, मानसशास्त्र, संगणक यांसाठी करावा, गुण सहज मिळतात म्हणून एखादा विषय पदरात पाडून घेण्यासाठी नव्हे. चौथ्या वर्षाचाही विचार आधीच करून ठेवावा. संशोधनाची ओढ असेल तर चौथे वर्ष अवश्य करावे. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाकडे वळायचे असेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन त्या अभ्यासक्रमाला लागावे, हे बरे.

मात्र तेथे एक सावधगिरी. गल्लोगल्ली ‘पॅरामेडिकल’च्या पाट्या लागल्या आहेत. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे या व्यवसायांना नोंदणी आणि प्रमाणित अभ्यासक्रम यांची चौकट मिळाली. संस्थेच्या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, हे लेखी मागावे. टाळाटाळ झाली तर उठून यावे. आणि हेही माहीत असावे की सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे : रोगनिदानाच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञ होणे सन्मानाचे आहे. पण तंत्रज्ञाने स्वतःची लॅब काढून अहवाल वाटण्याचे स्वप्न कोणी विकत असेल, तर तो फसवतो आहे.

अंबाजोगाईच्या मुलांना तर दूर जाण्याचे कारणच नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून या गावात उभे आहे. ग्रामीण भागात उघडलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय, असा त्याचा लौकिक. येथल्या बी.एस्सी.च्या किती विद्यार्थ्यांनी त्या रुग्णालयाची प्रयोगशाळा आतून पाहिली आहे? अभ्यासक्रमात आता क्षेत्रप्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आहे. ते इंटरनेटवरून उतरवून काढू नये. परवानगी मागा, रांगेत उभे राहा, रक्ताचा नमुना कसा येतो, कसा हाताळला जातो ते पाहा.

आणि प्रकल्पाला विषय शोधत फिरण्याची वेळ बीड जिल्ह्यात यावी, हे तर आश्चर्यच. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड हा एक विषय. दुसरा अधिक वेदनादायक. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक! दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकणाऱ्या, मुकादमाच्या दंडाच्या धाकाने आजारपणाचा एक दिवसही न घेणाऱ्या या आपल्याच भगिनी. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली, महाराष्ट्रात सर्वांत कमी, हा आकडाही आपल्याच जिल्ह्याचा. या दोन्ही ठिकाणी पदव्यांची उणीव नव्हती. शस्त्रक्रिया करणारे हात शिकलेले होते, सोनोग्राफीचे यंत्र चालवणारेही शिकलेले होते. ज्या समाजात स्त्रीला आदिशक्ती म्हणून पूजतात, योगेश्वरीच्या दर्शनाला रांगा लागतात, त्या समाजात हे घडले, याची लाज आपण बाळगली पाहिजे.

याच मराठवाड्यात १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केले. १९८९ मध्ये संभाजीनगरला डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले. संघाच्या संस्कारातून आलेली ही कामे आपल्याला परिचित आहेत. पण तेथे केवळ डॉक्टर नसतात. प्रयोगशाळेत, रक्तपेढीत, वस्तीवरच्या आरोग्यप्रकल्पात असंख्य माणसे असतात. त्यांच्याविना शल्यविशारदाचा हात चालत नाही. ती माणसे कोणत्या शिक्षणातून घडतात, हे सुटीच्या दिवशी जाऊन पालकांनी आणि मुलांनी मिळून विचारून यावे. एस.टी.च्या भाड्याइतकाच खर्च आहे.

प्रवेशापूर्वी महाविद्यालयात गेलात तर इमारत पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. सूक्ष्मदर्शक यंत्रांवर धूळ आहे का, प्रात्यक्षिके प्रत्यक्ष होतात का, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा. ती खरे सांगतात. आणि ‘नीट’ पुन्हा द्यायची असेल तर एकदा द्या, मुदत घरात बसून ठरवा, बी.एस्सी.ला नाव घालून द्या. म्हणजे वर्ष हातचे जाणार नाही.

माझे बोलणे येथे थांबवतो. आता आपण प्रश्न विचारावेत. फक्त लातूरला कोणता क्लास चांगला, हे मला विचारू नये.